गिटारचा स्वर आणि सामायिकाची वेळ



या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "चिरंजीव अकरावीत आहे. गतवर्षी त्याच्या मामांनी त्यास इलेक्ट्रिक गिटार व पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दिला. सायंकाळी सासूबाई सामायिकास बसतात आणि नेमका त्याच वेळी हा वाजवू लागतो. आवाज कमी कर म्हटले की म्हणतो, आवाज उतरला की स्वरच मरतो. ह्यांनी तो अ‍ॅम्प्लिफायर विकण्याचे ठरविले आहे. मुलगा दोन दिवस कोणाशी बोललेला नाही. काय करावे?"

मुलगा सबब सांगत नाही, हे प्रथम मान्य करावे. रॉक संगीतातील जो घोगरा, दाट, रेंगाळणारा स्वर ओव्हरड्राइव्ह म्हणून ओळखला जातो, तो अ‍ॅम्प्लिफायरला कुवतीपलीकडे राबविल्याने निर्माण होतो. मापावर चढलेली धान्याची शीग हाताने सपाट करावी, तसे ध्वनिलहरीचे शिखर व्हॉल्व्हच्या मर्यादेला लागून सपाट होते आणि त्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात. 1966 साली जॉन मेयॉल यांच्या ध्वनिमुद्रिकेसाठी वाजविताना एरिक क्लॅप्टन यांनी लंडनच्या स्टुडिओत मार्शल अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचावरील आवाजातच ठेवण्याचा हट्ट धरला. तंत्रज्ञ त्रासले; स्वर मात्र पुढील पिढ्यांचा आदर्श ठरला.

तथापि शीग पायलीवरची कापता येते, तशी चिपट्यावरचीही कापता येते. त्याच क्लॅप्टन यांनी 1970 साली 'लैला'च्या ध्वनिमुद्रणात फेंडर कंपनीचा चॅम्प हा जेमतेम पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर वापरला. म्हणजे मुलाला हवा तो स्वर लहान मापातही मिळतो.

येथे खरेदीची घाई मात्र नको. पन्नासऐवजी पंचवीस वॅटचा घेतला तर आवाज निम्मा होईल, असा हिशेब आपण सहज मांडू; तो चुकीचा आहे. शक्ती निम्मी केल्याने आवाज केवळ 3 डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहाव्या हिश्शावर आणावी लागते. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटवरही एक मीटर अंतरावर साधारण 97 ते 100 डेसिबल आवाज देतो. आपल्या देशातील 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सासूबाईंवर काय गुदरत असेल याची कल्पना येते.

तेव्हा आहे त्याच यंत्रावर प्रयोग करावा. त्यावर गेन आणि मास्टर अशी दोन बटणे वेगळी असतील, तर गेन वाढवून मास्टर अगदी खाली ठेवावे. शीग पहिल्या टप्प्यातच कापली जाईल. स्वर किंचित बारीक वाटेल, कारण शेवटचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर त्यात पुरेसे सहभागी होत नाहीत. त्यांनाही राबवायचे असेल तर अ‍ॅटेन्युएटर नावाची पेटी मिळते. ती अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांच्यामध्ये जोडतात आणि जास्तीची शक्ती ती उष्णतेत रूपांतरित करते. 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचे टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले अभियंता. त्यांचा 1976चा पहिला अल्बम बहुतांशी घराच्या तळघरातच ध्वनिमुद्रित झाला. त्यांनीच पुढे अशी एक पेटी बाजारात आणली. तिचा व अ‍ॅम्प्लिफायरचा ओहमचा आकडा जुळलाच पाहिजे. स्पीकर काढून ठेवून व्हॉल्व्हचे यंत्र चालविणे तर कदापि करू नये. आतील ट्रान्सफॉर्मर जळतो.

अर्धा दोष आपल्या कानांचाही आहे. फ्लेचर व मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले की आवाज मंद झाला म्हणजे खर्ज व अतितार स्वर कानाला अधिक कमी ऐकू येतात. म्हणून दुकानात मोठ्या आवाजावर लावलेली बटणे घरी तशीच ठेवून उपयोग नाही. आवाज उतरविल्यावर खर्ज थोडा वाढवावा, मधले स्वर मुळीच कमी करू नयेत, आणि गेन वाटतो त्याहून कमी ठेवावा. अनेक मुले याच्या नेमके उलट करतात आणि मग माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो म्हणून चिडतात.

अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवू नये. फरशीतून खर्ज खालच्या मजल्यावर उतरतो आणि वाजविणाऱ्याच्या गुडघ्यांनाच स्वर ऐकू येतो. जाड फोमवर, स्टुलावर, तोंड कानाकडे करून ठेवावा. निम्म्या आवाजात भागते.

हेडफोनचा मार्ग आहेच. त्यासाठी गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारे उपकरण घ्यावे, अन्यथा स्वर कर्कश लागतो. व्यक्तिशः मला हा उपाय रोजचा म्हणून रुचत नाही. मूल घरात असून घरात नसते, आणि कानाशी आवाज किती वाढविला हे कोणाला कळतही नाही.

राहिली सासूबाईंची 48 मिनिटे. इलेक्ट्रिक गिटार तार न जोडता वाजविली तर शेजारच्या खोलीतही फारशी ऐकू येत नाही. बोटांचा सराव तेवढ्या वेळात करावा, आणि आजींचे सामायिक पूर्ण झाले की तार जोडावी. विक्रीचा निर्णय महिनाभर लांबवावा, ही आपल्या यजमानांना माझी विनंती. काय घडले ते अवश्य कळवावे.