बटण दाबा आणि बोला

बटण दाबून बोलण्याची सोय असलेला, खास कामकाजासाठी घडविलेला नवा स्मार्टफोन येणार अशी वार्ता आली, की ज्यांच्या अमलाखाली विखुरलेली माणसे राबतात त्या अधिकाऱ्यांचे कुतूहल जागृत व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु जबलपूरनजीकच्या खमरियात, जेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तेथे या कुतूहलास दरवाजाबाहेरच थांबावे लागते. स्फोटक द्रव्यांजवळ साध्या फोनची ठिणगीही जोखमीची. तशा वातावरणासाठी रीतसर प्रमाणित केलेले यंत्र असेल, तरच त्याचा विचार.

कारखान्याच्या वसाहतीतील पाणीपुरवठा, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचे काम मात्र निराळे. अंगठ्याने कडेचे बटण दाबावे, एकाने बोलावे, बाकीच्यांनी एकाच वेळी ऐकावे. नंबर फिरविण्याची यातायात नाही. (ऐकणाऱ्यास मध्येच बोलता येत नाही, हे कित्येक साहेबांना विशेष रुचेल!)

अमेरिकेत नेक्स्टेल या मोबाइल कंपनीने ही पद्धत लोकप्रिय केली. तिचे आयडेन जाळे २०१३ साली बंद झाले, आणि त्यावर विसंबलेले हँडसेट निरुपयोगी ठरले. पुढे २०१६ मध्ये थ्रीजीपीपी या संस्थेने एलटीई (४जी) मोबाइल जाळ्यांसाठी अशा सेवेचे मानक निश्चित केले असल्याने, खरेदीची फाईल पुढे सरकविण्यापूर्वी नवा फोन ते पाळतो काय, याची शहानिशा व्हावी. आणि या फोनास टॉवर लागतो, वॉकीटॉकीस लागत नाही, म्हणून जुने संच तूर्त लिलावात काढू नयेत.