मातीविना भाजी : संच कोणता घ्यावा?

परवा वस्तीतला एक बारावी झालेला मुलगा घरी आला. म्हणाला, "काका, पाण्यावरच्या शेतीचा संच घ्यायचाय. कोणता घेऊ?" मी विचारले, "लावणार काय?" त्याने मान खाली घातली. मी समजलो.

वाचकहो, त्याला स्पष्टच सांगितले. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचे झाड लावणाऱ्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आईने धुणीभांडी करून तुला शिकवले, ते यासाठी नव्हे!

मग पालकाचा हिशेब मांडला. पाइपांच्या संचात पंप खताचे पाणी सतत फिरवतो. दिसायला देखणा, पण वीज गेली की काही तासांत मुळे सुकतात. टाकीच्या संचात मुळे पाण्यात बुडालेली असतात, त्यांना हवा देणारा पंप लागतो. तिसरी पद्धत अमेरिकेतील हवाई विद्यापीठाचे प्रा. क्रॅटकी यांची. तिला पंपही नको, वीजही नको. झाकणाच्या डब्यात खताचे पाणी भरायचे, झाकणाच्या भोकात जाळीचा पेला बसवून रोप लावायचे. पाणी उतरते तशी वरच्या मुळांना हवा मिळते. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरू नये. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ ठेवावा. डब्यात उजेड गेल्यास शेवाळ धरते, फट राहिल्यास डास होतात.

पालेभाजीला हे पुरेसे आहे. कर्ज काढून संच घेण्याआधी एक डबा लावून पाहावा. त्या मुलाला म्हटले, पहिली जुडी आईच्या हाती दे.