विजयेचा अंधार आणि आपल्या बरण्या

गेल्या काही वर्षांत आयुष परवान्याखाली तयार झालेली विजयेची घनसत्त्वे, तेले व वट्या आपल्या व्यवसायात दिसू लागली आहेत. त्यांच्यासोबतच परदेशातील बंदिस्त लागवडीची वर्णनेही आपल्यापर्यंत येतात. कृत्रिम दिव्यांखाली, चार भिंतींच्या आत वाढविलेली भांग ही अधिक 'शास्त्रीय' आणि आपल्याकडील उघड्या रानातील भांग दुय्यम, असा समज त्यातून काही वैद्यबंधूंचा होत असल्याचे आम्हांस जाणवते. या समजाची थोडी चिकित्सा करावी आणि त्या पद्धतीतून खरोखर घेण्याजोगे काय आहे ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भांग ही लघुदिन वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे तिला फुलोरा येतो. वनस्पतींच्या या कालज्ञानाचे पद्धतशीर विवेचन अमेरिकेतील गार्नर व ॲलार्ड यांनी १९२० साली केले. पुढे १९३८ साली हॅमनर व बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग करून दाखविले की, निर्णायक ठरते ती अखंड अंधाराची लांबी. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश पडला तरी फुलोरा रोखला जातो. उलट दिवसा काही काळ अंधार झाल्याने तसा बिघाड होत नाही. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा हिशेब ठेवते आणि लाल प्रकाशाला ते विशेष संवेदनशील असते. आपल्याकडे हरितगृहात शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावून फुले लांबवितात व नंतर काळे कापड ओढून ती आणवितात, ते याच नियमाच्या आधारे.

कॅनडात २०१३ च्या वैद्यकीय नियमांनी परवानाधारकांना केवळ बंदिस्त लागवडीचीच मुभा दिली होती. उघड्यावरील लागवडीस तेथे २०१८ च्या कायद्यानंतर वाट मिळाली. अशा बंदिस्त दालनांत रोप वाढीच्या काळात साधारणतः १८ तास प्रकाश व ६ तास अंधार, आणि फुलोऱ्याच्या काळात १२ तास प्रकाश व १२ तास अंधार असा क्रम ठेवला जातो. या १२ तासांच्या कृत्रिम रात्रीत बाहेरचा प्रकाश शिरणे हा मोठा दोष मानला जातो. फुलोरा लांबतो, काही रोपे पुन्हा पालेदार वाढीकडे वळतात, आणि मादी रोपांवर नरपुष्पे दिसू लागतात असा लागवडदारांचा अनुभव आहे. अर्थात त्यात वाणाचा स्वभाव व अन्य ताण यांचाही वाटा असतो. नरपुष्पे आली की परागण होते, बीज धरते आणि राळयुक्त स्राव घटतो. म्हणजे द्रव्यच पालटते.

म्हणून तेथे अंधाराची राखण काटेकोरपणे केली जाते. दिवे मालवून दालनात काही मिनिटे उभे राहायचे, डोळे अंधाराला सरावले की दाराची फट, छताचा सांधा, तारांची छिद्रे यांतून येणारी तिरीप शोधायची, हा पहिला उपाय. हवा खेळविणाऱ्या नळ्यांना काटकोनात वळणे देऊन आतून काळा रंग देतात, म्हणजे वारा जातो पण प्रकाश अडतो. यंत्रांवरील लुकलुकणारे दिवे झाकतात. वीज जाऊन आल्यावर वेळयंत्र मागे पडले नाही ना, हे पाहतात. अंधारात काम करावेच लागले तर मंद हिरवा दिवा वापरतात. पण तोही सर्वस्वी निर्धोक नाही, कारण फायटोक्रोम हिरवा प्रकाशही काही अंशी शोषते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद केली पाहिजे. ही माहिती कोणी आपल्या माडीवर प्रयोग करावा म्हणून दिलेली नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याविना भांगेची लागवड हा गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. वैद्यकीची पदवी त्यातून सूट देत नाही.

मग आपण यातून काय घ्यावे? बंदिस्त दालनाचा आग्रह आम्हांस पटत नाही. टोरंटो येथे जूनमध्ये दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा असतो, तर पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. आपल्या आकाशाखाली योग्य ऋतूत ती रात्र विनामूल्य मिळते. घेण्याजोगी आहे ती त्या लागवडदारांची नोंद ठेवण्याची शिस्त. अंधार हाही द्रव्याच्या गुणवत्तेचा एक घटक आहे हे त्यांनी ओळखले. आपण मात्र तो काढणीनंतरही विसरतो.

लंडन येथील फेअरबेर्न व सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साठवणीत भांगेतील कार्यकारी घटकांचा ऱ्हास करणारे सर्वांत मोठे एकच कारण प्रकाश हे आढळले. विशेषतः द्रवरूप कल्पांत तो ऱ्हास फार जलद होतो. हेच द्रव्य काळजीपूर्वक तयार करून अंधारात ठेवल्यास सामान्य तापमानातही एक ते दोन वर्षे बऱ्यापैकी टिकते, असेही त्यांना दिसले. आता आपल्या दुकानांकडे पाहावे. पारदर्शक काचेच्या बरण्या दर्शनी फळीवर, समोर पश्चिमेचे ऊन, वर अखंड जळणारी नळी. परदेशी लागवडदार यंत्रावरील एवढ्याशा दिव्यावर चिकटपट्टी लावतो आणि आपण चूर्ण महिनोन्‌महिने उन्हात मांडतो!

याचा भार रुग्णावर पडतो. भावप्रकाशाने विजयेला तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचक तशीच मदकारी म्हटले आहे; शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून तिलाच घेतले. अशा द्रव्यात मात्रेला अनन्यसाधारण महत्त्व. फिक्या पडलेल्या जुन्या मालावर मात्रा बसविलेल्या ग्रहणीच्या रुग्णाला पुढच्या खेपेस ताजा माल मिळाला, तर तीच मात्रा त्याला भोवळ आणू शकते. दोष मग वैद्याच्या माथी आणि शास्त्राच्याही. चरकाने कल्पस्थानात व सुश्रुताने सूत्रस्थानात भेषजागाराचे जे नियम घालून दिले, ते याच जाणिवेतून. वारा, धूर, ओल, धूळ व उंदीर यांपासून संरक्षण आणि नीट झाकलेली पात्रे त्यांनी सांगितली. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत घटते हा शार्ङ्गधराचा इशाराही आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे.

आमच्या सूचना थोड्याच आहेत. फार्मसीचालकांनी विजया व तिचे कल्प गडद तपकिरी काचेच्या वा अपारदर्शक, घट्ट झाकणाच्या पात्रांत, बंद कपाटात ठेवावेत. मोठ्या पात्रातून वारंवार न काढता लहान भाग करावेत. पात्रावर काढणीचा महिना व उघडल्याची तारीख लिहावी. खरेदी करताना पुरवठादाराकडून परवाना, मालाचे ठिकाण, काढणीचा काळ, वाळविण्याची पद्धत व प्रत्येक खेपेचा चाचणी अहवाल मागावा. विजया अनुसूची ई-१ मधील द्रव्य असल्याने वैद्यकीय देखरेखीची सूचना वेष्टनावर असतेच. ती देखरेख वैद्याने खेप बदलताच मात्रा पुन्हा अल्पापासून सुरू करून पाळावी. आणि आपल्या संघटनेने या सर्व बाबींचा एक पानी नमुना तयार करून सभासदांना द्यावा.

विजयेवर समाजाची व शासनाची नजर आज पुन्हा वळली आहे. अशा वेळी तिच्या प्राचीनतेचे दाखले देणे सोपे असते. आपल्या हातातील द्रव्य प्रत्येक खेपेस तेच आहे हे दाखविणे कठीण. त्याची सुरुवात परवान्यांच्या वा दालनांच्या चर्चेपूर्वी, आपल्या फळीवरील बरणी कपाटात ठेवण्यापासून व्हावी, असे आम्ही सुज्ञ वाचकांना विनवितो.