खेळाचे घड्याळ कोणाच्या मनगटावर?

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. जळगाव-धुळे रस्त्याच्या एका अंगाला असलेल्या गावची यात्रा होती आणि यात्रेनिमित्त कबड्डीचे सामने भरले होते. गावाचे नाव सांगत नाही. कारण त्या गावाने जे केले ते आज खानदेशातले कोणतेही गाव करील. मी माझ्या शाळेच्या मुलींचा संघ घेऊन गेलो होतो. हातात पत्रिका पडली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मुलींचा उपांत्य सामना दुपारी एक वाजता. पुरुषांचा अंतिम सामना रात्री साडेअकरा वाजता.

खानदेशातली चैत्रातली दुपार म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. त्या वेळी आमच्याकडे शहाणा शेतकरी बैलसुद्धा औताला जुंपत नाही. पाणी मारलेली माती अर्ध्या घटकेत तव्यासारखी होते. मी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे गेलो. म्हटले, "अरे बाबांनो, सामने उन्हे कलल्यावर घ्यायची आपली रीत. ही काय वेळ?" पोरगा भला होता. अदबीने म्हणाला, "सांजले कोन येस गुरुजी? आख्खं गाव टीव्हीम्होरे बठेल ऱ्हास."

साडेसातला आयपीएलचा सामना सुरू व्हायचा होता. तो संपेतो अकरा. त्यानंतर गाव मोकळे होणार, म्हणून पुरुषांचा अंतिम सामना साडेअकराला. शिवाय एका दात्याने बक्षिसाची रक्कम दिली होती, ती एवढ्याच अटीवर, की तो सामना मोबाइलवर थेट दाखवावा आणि मध्ये मध्ये त्याच्या दुकानाचे नाव झळकावे. उरलेल्या वेळात मुलांचे सामने बसवले. त्यातून जी वेळ उरली ती मुलींना मिळाली. म्हणजे दुपारचा एक.

दुसऱ्या डावात माझी एक मुलगी चढाई करून परतताना मधल्या रेषेशी कोसळली. तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला, सावलीत नेली. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "गुरुजी, माले खेयू द्या ना." मी तिला खेळू दिले नाही. आम्ही चार गुणांनी हरलो. पोर वाचली हे खरे. पण परतीच्या टेम्पोत ती माझ्याशी अक्षर बोलली नाही, आणि तिचे बरोबर होते.

या लेखात मला जे भांडण मांडायचे आहे ते एवढेच आहे, की खेळ कधी खेळायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? खेळणाऱ्याचा, बघणाऱ्याचा, की दाखवणाऱ्याचा?

दाखवणाऱ्याचा अधिकार आजचा नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर नावाच्या धनाढ्याला आपल्या वाहिनीसाठी क्रिकेटचे हक्क हवे होते. तिथल्या मंडळाने ते दिले नाहीत, तेव्हा त्याने खेळाडूच उचलले आणि स्वतःची मालिका काढली. दिव्यांच्या उजेडातले सामने, पांढरा चेंडू आणि रंगीत कपडे यांचा गाजावाजा तिथून झाला. दिवसा माणसे कामावर असतात, रात्री घरी असतात. तेव्हा खेळ रात्री न्या, हा व्यापाऱ्याचा हिशेब. त्यात वावगे नाही. पण त्या दिवसापासून मैदानावरच्या सूर्याची नोकरी गेली, ती गेलीच.

आपल्याकडे २००८ साली आयपीएल आली. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामने धरून ही विक्री झाली. म्हणजे एका सामन्याचे मोल सुमारे ११८ कोटी. जो एका संध्याकाळचे ११८ कोटी मोजतो, तो ती संध्याकाळ आपल्या सोयीने कापणार, हे सांगायला ज्योतिषी नको. रात्रीचा सामना पूर्वी आठला असे, २०२० पासून साडेसातला आला. एका दिवशी दोन सामने असले की पहिला दुपारी साडेतीनला. एप्रिल-मेच्या उन्हात कोट्यधीश खेळाडूही दुपारी साडेतीनला मैदानात उभे राहतात. कारण पडद्यावरची ती जागा विकलेली असते. मग आमच्या नववीतल्या पोरीची काय कथा?

या अडीच महिन्यांसाठी जगभरचे क्रिकेट बाजूला सरकते. आपल्या घरचे तर पाटावरून उठवले जाते. १९३४-३५ पासून अखंड चालत आलेली रणजी स्पर्धा २०२०-२१ च्या हंगामात प्रथमच झाली नाही. कारण साथीचे होते, ते खोटे नव्हते. पण त्याच साथीत २०२० च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात आयपीएल अमिरातीत जाऊन यथासांग पार पडली. पुढच्या हंगामात रणजीचे दोन तुकडे केले. साखळी सामने २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चात, मग मध्ये आयपीएल आणि बाद फेरी जूनमध्ये. एका वहीचे अर्धे धडे होळीच्या आधी आणि अर्धे मृगात शिकवायला सांगितले, तर कोणताही मास्तर राजीनामा देईल. रणजीच्या खेळाडूंनी निमूटपणे पॅड बांधले.

"क्रिकेटचे सोडा हो, ते श्रीमंतांचे घर. आमच्या कबड्डीला तर टीव्हीने सोन्याचे दिवस दाखवले!" असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. त्या वर्षी लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ च्या हंगामासाठी ती २ कोटी ६० लाखांवर गेली. ज्या खेळाडूच्या बापाने लंगोटावर खेळून फक्त नारळ आणि टाळ्या मिळवल्या, त्याच्या पोराने पक्के घर बांधले. या पैशाला मी नावे ठेवीन तर माझ्या जिभेला किडे पडोत.

पण उरलेले अर्धेही ऐका. या स्पर्धेच्या कंपनीत मोठा हिस्सा दाखवणाऱ्या वाहिनीनेच २०१५ साली घेतला. विकणारा तोच आणि विकत घेणाराही तोच! मग हंगाम कसा ठरला, तो पहा. पहिली दोन वर्षे पावसाळ्यात. २०१६ साली वर्षात दोनदा, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा जून-जुलै. २०१७ साली जुलैअखेर ते ऑक्टोबर, तब्बल १३८ सामने. २०१८ साली ऑक्टोबरात सुरुवात, २०२३ साली डिसेंबरात, २०२५ साली ऑगस्टअखेर. माझ्या लहानपणी कापसाची वेचणी उरकली, की कबड्डीचे मैदान आखले जाई. पोराला विचारले तरी हंगाम सांगता येई. आज हा खेळ वडाराच्या बिऱ्हाडासारखा बारा महिने जागा शोधत फिरतो. एक गोष्ट मात्र कधी चुकत नाही. आयपीएलच्या दिवसांत तो एकदाही भरलेला नाही. थोरला भाऊ पंगतीला बसला असताना धाकट्याने ओसरीवर थांबावे, तसा.

आणि धाकट्याचीही धाकटी बहीण असते. २०१२ साली पाटण्याला भारतीय मुलींनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला. त्या संघात आपली अभिलाषा म्हात्रे होती. २०१६ साली पुरुषांच्या स्पर्धेबरोबर मुलींचीही तीन संघांची स्पर्धा झाली. एकच वर्ष. त्यानंतर त्या स्पर्धेला पडद्यावर जागा मिळाली नाही. आमच्या गावच्या पत्रिकेत मुलींना दुपारचा एक मिळाला, तिथे विश्वविजेत्या मुलींना तोही मिळाला नाही!

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या पोरांचा फुटबॉल हा मोठा लोकप्रिय खेळ. तिथे शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन आपापले गट केलेले असतात, ते मुळात प्रवास सोपा व्हावा म्हणून. शनिवारी दुपारी सामना, सारे गाव मैदानावर, अशी शंभर वर्षांची रीत. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण विकण्यावरची मध्यवर्ती संघटनेची पकड मोडली आणि प्रत्येक गट आपला सौदा आपण करू लागला. २०२२ साली एका गटाने सात वर्षांचे हक्क सात अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकले. ते पाहून २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांनी आपला जुना गट सोडला. लॉस एंजेलिसची मुले आता गटातला सामना खेळायला चार हजार किलोमीटरवर न्यू जर्सीला जातात, आणि पॅसिफिकच्या कुशीतले स्टॅनफर्ड 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात खेळते! कित्येक सामन्यांची वेळ वाहिन्या बारा, कधी सहाच दिवस आधी कळवतात. काही लहान गट नोव्हेंबरच्या गारठ्यात मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात, कारण त्या रात्री पडदा रिकामा असतो. दुसऱ्या दिवशी वर्ग असतो, याची विचारपूस कोण करतो? आमच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबारचे सामने सोडून पोरांना दर पंधरवड्याला गुवाहाटीला पाठवावे, तसलाच हा प्रकार.

"अहो, पण एकदा विकलेले वेळापत्रक कसे बदलणार?" हा शेवटचा बाण. हा बाण बोथट आहे, आणि तो महाराष्ट्रातच बोथट झाला. २०१६ साली मराठवाड्यात पाण्यावाचून माणसे तडफडत होती, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. आधी खूप आरडाओरड झाली. मग सामने गेले, स्पर्धा झाली, अंतिम सामनाही बंगळुरूला झाला. आकाश कोसळले नाही. वेळापत्रक हा विधिलिखित लेख नसतो. हलवणारा हात खंबीर असला, की ते हलते.

कायद्याचीही एक गोष्ट ऐका. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना भांडली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे त्या निकालाने सांगितले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावे लागते. म्हणजे सामना कोणाला दिसावा, याची काळजी कायद्याने घेतली. तो केव्हा व्हावा, याची कोणी घेतली? लहरी जनतेच्या, मग संध्याकाळ कोणाची?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. क्रिकेटच्या मंडळाने हक्क विकण्याआधी रणजीचे महिने अखंड राखून ठेवावेत आणि उरलेले खुशाल विकावेत. कबड्डीच्या कारभाऱ्यांनी एक कायमचा हंगाम ठरवावा आणि त्यात मुलींची स्पर्धा बसवावी. ज्याला विकत घ्यायचे त्याने दोन्ही मिळून घ्यावे. वाणी गुळाबरोबर कागद तोलतो, ते आपण मुकाट्याने घेतोच ना? आणि शाळेच्या वयाच्या मुलांचा एकही सामना सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात उन्हात घेऊ नये, एवढा नियम प्रत्येक यात्रा मंडळाने पत्रिका छापण्याआधी करावा.

पण वाचकहो, सर्वांत अवघड मागणी तुमच्याकडे आणि माझ्याकडे आहे. त्या गावाला कोणत्याही वाहिनीने हुकूम पाठवला नव्हता. त्या वाहिनीला ते गाव नकाशावर दाखवता आले नसते. आपणच आपले मैदान तिच्या पायाशी नेऊन ठेवले. जे ११८ कोटी मोजले जातात ते कोणासाठी? तुम्ही आणि मी त्या वेळी घरी बसतो, या खात्रीची ती किंमत आहे. मीही बसतो. त्या रात्री परत आल्यावर, पोर झोपली की नाही याची चौकशी करून, मीही उरलेल्या चार षटकांपुरता बसलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

पुढल्या वर्षी मी त्या मंडळाशी भांडलो. एका सामन्यापुरते त्यांनी ऐकले. मुलींचा अंतिम सामना साडेपाचला झाला, चुली पेटायच्या आत. पुरुष थोडे आले. पण यात्रेला माहेरी आलेल्या लेकी-सुना, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या आणि कडेवर पोरे घेतलेल्या बाया मैदानाभोवती दाटल्या. त्यांना याआधी त्या गावात कोणी कबड्डी पाहायला बोलावलेच नव्हते. आमचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाला होता. तरी माझी ती पोर हट्टाने माझ्याबरोबर आली आणि रेषेजवळ उकिडवी बसून शेवटपर्यंत ओरडत राहिली.

येत्या चैत्रात तुमच्या गावची पत्रिका छापायला जाईल. छापखान्यात जाण्याआधी ती एकदा मागून घ्या, आणि मुलींच्या सामन्यापुढे कोणती वेळ घातली आहे, तेवढे वाचा.