एआरटी आणि आपले काउंटर

टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची दिवसाला एकच गोळी, म्हणजे टीएलडी, आल्यापासून आपण औषधविक्रेते जरा निर्धास्त झालो आहोत. एफाविरेन्झच्या काळातली कटकट बरीच कमी झाली, हे खरे. पण एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, सरकारी केंद्रातून मिळते आणि पित्ताचे जेल, कॅल्शियम, दम्याचा पंप रुग्ण आपल्याकडून नेतो. आपल्या बिलावर एआरटी नसते, त्यामुळे धोका आपल्या डोळ्यांसमोरून निघून जातो.

जेलमधले अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून टीएलडी जेलच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहालाही हाच नियम, मात्र जेवणासोबत घेतल्यास ती टीएलडीबरोबर चालतात. गरोदर बाईला हे आवर्जून सांगा, नाहीतर वेळा सांभाळता सांभाळता लोहाची गोळीच सुटायची. जेलला ही सवलत नाही.

टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही ती २ आठवडे चालू ठेवायची असते. टीबीचा कोर्स संपला म्हणून रुग्ण तीही त्याच दिवशी बंद करून टाकेल, याकडे लक्ष ठेवा. मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण डोल्युटेग्राविरमुळे वाढते; दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वरचे प्रिस्क्रिप्शन दिसले तर विचारायलाच हवे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रिटोनाविर घेणाऱ्या सेकंड लाइनच्या रुग्णांची. अर्धशिशीसाठी मागितलेली एर्गोटामिनची गोळी त्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळू शकते की बोटे काळी पडावीत. ती देऊच नये. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा साधा पंपही त्यांच्या शरीरात साचत जातो. चेहरा सुजतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावतात.

हे सगळे टाळायचे तर विचारावे लागते, आणि गर्दीच्या काउंटरवर विचारायचे कसे, हीच खरी अडचण. आजाराचे नाव घेऊ नका. ‘रोजची आणखी कुठली गोळी चालू आहे? सरकारी दवाखान्यातून काही मिळते का?’ एवढे प्रत्येक गिऱ्हाइकाला, बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे; ती दुकानातल्या पोऱ्याच्याही कानावर जाता कामा नये. पंपाबाबत शंका आली तर रुग्णाला नुसते परत पाठवू नका. त्याची संमती घेऊन डॉक्टरांना फोन लावा आणि बेक्लोमेथासोनचा पर्याय सुचवा.