पेटीतली माशी आणि कायदा

बार्शीच्या शेतकऱ्याला डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवायच्या असतील, तर त्यासाठी परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मधमाशीपालनाचा स्वतंत्र कायदा नाही. लागू होणारे नियम निरनिराळ्या कायद्यांत विखुरले आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर मधमाशीपालकांची नोंदणी होते. पेट्यांवर अनुदान हवे असेल, तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयाची मध केंद्र योजना आहे.

मध विकायला काढला की २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू होतो. नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि मधातला ओलावा २० टक्क्यांच्या वर चालत नाही. मेणाने न मिटलेल्या घरांतून घाईने काढलेला पातळ मध इथेच अडतो, पुढे आंबतोही. जंगलातल्या आग्या पोळ्याचा मध १९२७ च्या वन कायद्यानुसार वनउपज ठरतो.

माशी चावली तर? भारतीय न्याय संहितेत ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे माशीही त्यात आली. ताब्यातल्या प्राण्यापासून जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना खबरदारी न घेतल्यास कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पेट्या पाणंद, विहीर आणि गोठ्यापासून लांब ठेवाव्यात.

खरी उणीव फवारणीत आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाच्या डब्यावर सूचना छापाव्या लागतात आणि अनेक डब्यांवर मधमाश्यांना घातक असल्याचा इशारा असतो. पण माशी दोन-तीन किलोमीटर फिरते, बांध ओळखत नाही. शेजारच्या बागेत फुलकिड्यांसाठी भरदुपारी फवारा झाला, की पेटीच्या दारात सोंड बाहेर आलेल्या माश्यांचा खच पडतो. फवारणाऱ्याने आधी कळवावे, असा नियम मात्र नाही. तो व्हायलाच हवा, कारण त्या माश्यांनी परागीभवन केलेले डाळिंब फवारणाऱ्याच्याही बागेतले असते. नुकसानभरपाईसाठी आज दिवाणी दावाच उरतो, आणि त्यात कोणत्या शेतातल्या औषधाने वसाहत मेली हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

तोवर गावपातळीवर एवढे तरी ठरवता येते: फवारणीची वर्दी आदल्या दिवशी द्यायची, आणि फवारा माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी घ्यायचा. वर्दी मिळाली तर पालक रात्रीच दारांना जाळी लावू शकतो किंवा पेट्या हलवू शकतो.