मनगटाचा पट्टा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या तोंडावर माझे उजवे मनगट दुखू लागले. मी लेगस्पिन टाकतो. (संघाच्या यादीत माझे नाव बहुधा अकरावे असते, हे आधीच कबूल केलेले बरे.) मनगट दुखले की पट्टा बांधतात, एवढे ठाऊक होते. कोणता बांधतात, हे विचारायची लाज वाटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा मुलाला एक खोड जडते. आपल्याला ठाऊक नाही हे तो कुणाला कळू देत नाही. मोबाइलवर शोधले, खोक्यावर 'बोलिंग' असे इंग्रजी अक्षर दिसले, आणि साडेबाराशे रुपये भरून मोकळा झालो. आबा बाजार समितीत हमाल आहेत. ती त्यांची दोन दिवसांची कमाई होती.

पट्टा आला तो जवळजवळ अर्ध्या कोपरापर्यंत जाणारा, आत धातूची पट्टी असलेला. बांधल्यावर मनगट खिळा ठोकल्यासारखे गच्च. पहिलाच चेंडू थेट पंचांच्या अंगावर गेला, आणि साऱ्या मैदानाची करमणूक झाली. मागाहून कळले की हे 'बोलिंग' निराळेच. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून मोठा गोळा घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या, तो खेळ. त्यातला गोळा सात किलोच्या वरपर्यंत भरतो. त्या भाराखाली मनगट मागे कलंडू नये म्हणून पट्टा ताठ. आपला क्रिकेटचा चेंडू मात्र 155.9 ते 163 ग्रॅमचा, आणि लेगस्पिनची सारी करामत मनगट मोडून झटकण्यात. गुगली टाकायची तर हाताची पाठ फलंदाजाकडे वळवावी लागते. खिळलेल्या मनगटाने ती पडणार कशी?

तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की फिरकी गोलंदाजाने चेंडू टाकताना ताठ पट्टा वापरूच नये. मऊ, ताणला जाणारा पट्टा किंवा क्रेप बँडेज फार तर चालेल. तोही मनगटाचा घेर टेपने मोजून घ्यावा. 'मध्यम' म्हटले म्हणून मध्यम नव्हे. बांधल्यावर बोटांना मुंग्या आल्या किंवा नखे निळसर झाली तर तो घट्ट आहे. सरावापुरता बांधावा, एरवी सोडून ठेवावा. हात किडकिडीत आहे म्हणून पट्टा हवा, हा आमच्या मुलांचा समज तर निव्वळ खुळा आहे. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणीच पोलिओने बारीक झाला होता. त्याच हाताने त्यांनी कसोटीत 242 बळी घेतले, आणि 1971 साली ओव्हलवर इंग्लंडचे सहा गडी 38 धावांत गारद केले.

नियमही पाहिले पाहिजेत. यष्टिरक्षकाशिवाय कुणाला हातमोजे घालता येत नाहीत, आणि हाताला वा बोटांना संरक्षण बांधायचे तर पंचांची संमती लागते. नागपूरच्या कसोटीत फेब्रुवारी 2023 मध्ये रवींद्र जडेजाने बोटाला नुसते वेदनाशामक मलम लावले, तेही पंचांना न विचारता, तर मानधनाचा पाव हिस्सा दंड झाला. म्हणून पट्टा मनगटाचा असला तरी आधी पंचांना दाखवावा.

पण पट्ट्याच्या आधीचा प्रश्न मला आबांनी विचारला. ते स्वतः कित्येक वर्षे जुन्या धोतराची पट्टी मनगटाला गुंडाळून पोती उचलतात. खोके पाहून रागावले नाहीत. म्हणाले, "दुखतंय का दमलंय, ते बघितलंस का आधी?" बघितले नव्हते. दमलेले मनगट चार दिवसांच्या विश्रांतीने सावरते. दुखणारे दाखवावे लागते. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, जिथे खळगा पडतो तिथे, दाबून दुखत असेल तर ते हाड मोडलेले असू शकते, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते दिसेलच असे नाही. त्यावर पट्टा बांधून खेळणे म्हणजे कायमचे नुकसान ओढवून घेणे. माझे नुसते दमले होते. दुसरा सामना हुकला, तिसरा खेळलो.

आता थोडे आपल्या जिमखान्याविषयी. फी प्रत्येकाकडून घेतली जाते, ब्लेझर अकरा जणांना मिळतात. ब्लेझरला माझा विरोध नाही, मलाही तो आवडतो. पण क्रेप बँडेजचे चार गुंडाळे, एक टेप, आणि सामन्यांच्या महिन्यात आठवड्यातून एकदा हातपाय तपासणारा कुणी जाणता माणूस, एवढ्याला कितीसा खर्च येतो? ज्याच्या घरी विचारायला कुणी नाही, त्या मुलाला विचारायची एक जागा तरी मिळेल.

आईला शिलाईकामाने रात्री हाताला मुंग्या येतात. वाटले, माझा पट्टा तिला तरी उपयोगी पडेल. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "यात मनगट वाकडं राहतं. त्यांना झोपताना सरळ ठेवणारा हवा." तसा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. या वेळी आईच्या मनगटाचा घेर आधी मोजला. साडेपंधरा सेंटिमीटर भरला.